कागदावरचा शंकासुर

“ज्या शारातल्या सायबान माझ्या बापाशीक थापट मारली, त्याच शारात तू नाटक शिकाक चललंस?”

लिस्बनला निघण्याच्या आदल्या दिवशी निहार पाया पडायला वाकला, तेव्हा कृष्णनाथाने पाय मागे घेतले आणि नातवाला एवढंच विचारलं. निहारची आई सुविधा डिचोलीकडच्या पाळी गावाहून त्याला मुद्दाम आजाच्या घरी, पेडण्याजवळच्या गावात घेऊन आली होती.

“बाबा, त्या गजालीक पासष्ट वर्सां झाली,” ती म्हणाली.

“गाल तुझ्या आजाचो होतो. वर्सां तू कित्याक मोजतंस?”

पिशवी उचलून निहार बसच्या वाटेला लागला.

थापट पोर्तुगेजांच्या वेळची. तेव्हा नाटकाला परवाना लागायचा, आणि परवान्यासाठी नाटक कागदावर लिहून द्यावं लागायचं. गावच्या काल्याला, म्हणजे जत्रेतल्या रात्रीच्या खेळाला, कसला कागद? देवळाच्या मंडपात रात्री दशावतार उभा राहतो. पात्रं ठरलेली, गोष्ट ठरलेली. शंकासुर वेद चोरतो आणि विष्णू त्याला मारतो. पण मधलं सगळं बोलणं उभ्या उभ्या सुचेल तसं. त्या वर्षी पोलीस चौकीचा काब, म्हणजे हवालदार, मंडपात शिरला आणि म्हणाला, कागद. कृष्णनाथाचा बाप शंकासुराचा काळा बुरखा घालून उभा होता. त्याने दोन्ही हात रिकामे करून दाखवले. थापट बुरख्यावरूनच बसली. कृष्णनाथाने ती डोळ्यांनी पाहिली होती.

बापानंतर बुरखा कृष्णनाथाकडे आला. तो मान त्या घराचाच. शंकासुराने त्या रात्री कुणालाही काहीही बोलावं, सरपंचाला, भटजीला, पोलिसाला. ज्याच्यावर बोलला त्याने हसून घ्यावं. आणि उजाडलं की तो विषय संपला. काल्यातलं बोलणं उजेडात परत उच्चारायचं नाही, हा गावचा नियम. त्या नियमाच्या जोरावर कृष्णनाथ बेचाळीस वर्षं गावाची सालं काढत आला होता, आणि सकाळी त्याच लोकांबरोबर चहा-पाव खात आला होता.

त्याला मुलगा नव्हता. बुरखा आपल्यामागे निहारने घालावा असं त्याच्या मनात होतं, कारण शंकासुराची ती वाकडी चाल पोराच्या पायात आपोआप आली होती. चुलतभावाचा मुलगा गौरेश मात्र सांगत फिरायचा की मान घराण्याचा असतो, मुलीकडचा नव्हे. गौरेश देवस्थान समितीचा सचिव आणि काल्यातला विष्णू. त्याला बुरखा आपल्या निलेशसाठी हवा होता.

*

लिस्बनमध्ये निहारच्या खोलीत आठ जण राहत. बाकीचे सातही पंजाबचे आणि बांगलादेशचे, दुचाकीवरून घरोघर जेवण पोचवणारे. घरमालक यायचा तो दारातच उभा राहायचा, नाकाला रुमाल लावून. पहिल्या दिवशी नाट्यशाळेच्या फाटकावरच्या रखवालदाराने निहारच्या पाठीवरची पिशवी पाहिली आणि हाताने दाखवलं, जेवण मागच्या दाराने. निहारने प्रवेशाचं पत्र काढलं. रखवालदाराने ते वरून खालपर्यंत वाचलं, परत दिलं, आणि तरीही मागचंच दार दाखवलं. पुढे दोन महिने निहार मागच्याच दाराने जात राहिला. रोज पत्र काढून दाखवायची त्याला लाज वाटू लागली होती.

वर्गात पंधरा जण. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं, “तुझे उच्चार कानाला टोचतात.” त्यामुळे नाटकाचं वाचन सुरू झालं की इतरांना पात्रं मिळत आणि निहारला रंगसूचना. म्हणजे पात्राने काय करायचं ते लेखकाने लिहून ठेवलेलं असतं, तेवढंच वाचायचं. आत येतो. कदेलीवर बसतो. जनेल उघडते. शांतता.

कदेल म्हणजे खुर्ची, जनेल म्हणजे खिडकी, मेज, बाल्दी. आजाच्या घरातलं सगळं सामान त्या नाटकांत होतं, तेच पोर्तुगेज शब्द. फक्त त्याच्यावर बसायची परवानगी दुसऱ्यांना होती.

एकदा तो पानाचा आकडा न वाचता पुढे गेला. बाईंनी वाचन थांबवलं. “कागदावर जे आहे ते सगळं वाच. एक अक्षर सोडायचं नाही, एक अक्षर घालायचं नाही. आकडाही कागदावरच आहे ना?” वर्ग हसला. त्यानंतर निहार आकडेही वाचू लागला, छापखान्याचं नावही वाचू लागला. दीड वर्षात त्याच्या वाट्याला एकही पात्र आलं नाही. इनेश नावाची मुलगी त्याला “शांतता” म्हणून हाक मारायची, आणि मग सगळेच मारू लागले.

दुसऱ्या वर्षी परीक्षेसाठी प्रत्येकाने आपल्या घरचं काहीतरी एकट्याने करून दाखवायचं होतं. निहारने उभं राहून शंकासुराची चाल चालून दाखवली. वर्ग पहिल्यांदा गप्प झाला. इनेशसुद्धा.

“मजकूर कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

“लिहिलेला नसतो.”

“मग मी तपासणार काय? कागद आण.”

*

नाताळच्या सुट्टीत निहार गावी आला. कृष्णनाथ अंगणात बुरखा उन्हाला घालून त्याच्याजवळ बसला होता. काला चार दिवसांवर आला होता.

“आजा, तुझां बोलणां माका लिवन व्हयां.”

“कोणी मागलां?”

“शाळेतल्या बाईन.”

“कागद?”

“होय. कागद.”

कृष्णनाथ हसला. “तेव्हा काब इल्लो, आता बाई इली. शारान माणूस बदललो, खोड नाय बदलली. तिका सांग, आमच्या काल्याचो कागद तिच्या आजान तेव्हाच छापलो, माझ्या बापाशीच्या गालार.”

“आजा, माझी परीक्षा आसा.”

“मगे उभो रव आणि बोल. शंकासुराक सुचता.”

“माका नाय सुचत,” निहार खाली बघत म्हणाला. “थंय माझां तोंडच उघडना नाय. दीड वर्स मी फक्त ‘आत येतो, बाहेर जातो’ इतक्याच म्हणतंय.”

“मगे तुका बुरखो कित्याक व्हयो? आत येवक आणि भायर जावक आमच्या माजराक पण येता.”

निहार उठून गेला. चार दिवस त्याने आजाशी पुन्हा कागदाचं नाव काढलं नाही. काल्याच्या रात्री त्याने मृदंगवाल्या रघुनाथच्या पिशवीत आपला फोन ठेवला. चित्रण चालू, फक्त कॅमेऱ्याची काच बाहेर, मंडपाकडे तोंड करून.

त्या रात्री शंकासुर विष्णूवर घसरला. गौरेशने त्या वर्षी गावाबाहेरचा डोंगर, खालच्या भरड जमिनीसकट, दिल्लीच्या माणसांना मिळवून दिला होता, आणि टेप घेऊन जमीन मोजताना त्याला सगळ्यांनी पाहिलं होतं.

“देवा, तुझ्या हातात चक्र म्हणतत. माका तर टेप दिसता! डोंगर मापलो, भरड मापली, दिल्लीक दिली. आता माका मारतलंस? बरां. पयली माझी लांबी-रुंदी घे, गिऱ्हाईक बघ, मगे मार!”

मंडप हसून हसून आडवा झाला. विष्णूलाही हसावं लागलं. मग त्याने चक्र फिरवलं, शंकासुर पडला, आणि सकाळी गौरेश आणि कृष्णनाथ एकाच हॉटेलात समोरासमोर चहा प्याले. टेपचं नाव कुणी काढलं नाही.

*

निहारने लिस्बनला जाऊन ते बोलणं शब्दाला शब्द वहीत उतरवलं. तीस पानं झाली. पोर्तुगेज भाषांतर करताना अडायला लागलं तेव्हा त्याने इनेशची मदत मागितली. चाल पाहिल्यापासून ती त्याच्याशी नीट बोलू लागली होती. तिने आवाज नीट ऐकू यावा म्हणून चित्रफीत मागून घेतली, आणि त्यातली दोन मिनिटं खाली भाषांतर लावून इंटरनेटवर टाकली. तिच्या मते ती मदतच होती. गरीब गावातला राक्षस जमीन विकणाऱ्या देवाला सुनावतो, यात लपवण्यासारखं काय, असं तिने निहारलाच विचारलं.

आठवड्यात ती चित्रफीत पेडण्यात पोचली, मग म्हापशात, मग पणजीत. गौरेश बसमधून उतरला की मागून आवाज यायचा, “टेप इलो रे, टेप!” कारापूरला त्याच्या मुलीची सोयरीक ठरत होती. तिथल्या व्याह्याने जेवताना हसत हसत विचारलं, “आमचां अंगण पण मापून जातलास काय?” सोयरीक मोडली नाही, पण गौरेश न जेवता उठला.

सुविधाने पाळीहून येऊन बापाला फोनवर ते दाखवलं. भर दुपार होती. कृष्णनाथाने बुरख्यातला स्वतःला पहिल्यांदाच पाहिलं, आणि काल्यातलं बोलणं पहिल्यांदाच उन्हात ऐकलं.

“त्येका लाव फोन,” तो म्हणाला.

तिने निहारला लावला.

“आयक,” कृष्णनाथ म्हणाला. “काबान नुसतो गाल फोडलो. तू नियम फोडलंस. आजपासून तू माका मेलंस.” आणि फोन मुलीच्या मांडीवर टाकला.

मार्चमध्ये देवळाच्या चौकात बैठक बसली. गौरेशने चष्मा लावून ठराव वाचला. “यापुढे काल्यातील सर्व संवाद व सूचना लेखी स्वरूपात आठ दिवस आधी समितीस सादर कराव्यात. समितीने मंजूर केलेल्या कागदाबाहेर जे पात्र एक शब्द जरी उच्चारील, त्याचा मान त्याच क्षणी रद्द होईल. निहार यास मंडपात प्रवेश नाही.”

“खंयचां पात्र? सगळी पात्रां?” रघुनाथने विचारलं.

“सगळी. नियम म्हणजे नियम,” गौरेश म्हणाला. एकट्या शंकासुराचं नाव घातलं असतं तर लोक तिथेच ‘टेप’ म्हणून ओरडले असते, हे त्याला ठाऊक होतं. मग तो कृष्णनाथाकडे वळला. “काका, तुमका लिवक जमना नाय, ती वेगळी गजाल. बुरखो निलेशाक देवन टाका. त्येचां पाठांतर बरां.”

“वाचूक येता माका.”

ते खरं होतं. सुविधा तिसरीत असताना तिच्या शेजारी बसून तो अक्षरं शिकला होता. अजूनही ओळीखाली बोट धरूनच वाचायचा.

“येता, येता,” गौरेश म्हणाला. “तुम्ही पाकिटावरचो पत्तो वाचून काढतास तोपर्यंत पोस्टमन पेन्शनीत जाता.”

चौक हसला. त्यात ते लोकही होते ज्यांनी बेचाळीस वर्षं शंकासुराला टाळ्या दिल्या होत्या. कृष्णनाथाने बुरखा काखेत मारला आणि घरी गेला. डिसेंबरपर्यंत कागद दिला नाही तर बुरखा निलेशचा, हे ठरूनच गेलं.

*

जूनमध्ये निहारने परीक्षेला शंकासुर केला. तीस पानांतलं अक्षर सोडलं नाही, अक्षर घातलं नाही. वीसपैकी अकरा गुण मिळाले. बाईंनी खाली लिहिलं होतं, मजकूर जिवंत, नट मजकुरामागे लपलेला. शाळा संपली, पण गावात मंडप बंद आणि आजाचं घरही बंद, म्हणून तो तिथेच राहिला. आता त्याच्या पाठीवरच्या पिशवीत खरोखरच लोकांचं जेवण असायचं.

नोव्हेंबरात आईच्या फोनवरून आजाचा आवाज आला.

“कागद व्हयो.”

“आजा?”

“आजा म्हणा नको. कागद व्हयो. तू मोडलंस, तूच बांध.”

निहारने ठराव वाचून दाखवायला सांगितला. कृष्णनाथाने बोट धरून तो वाचला. निहार म्हणाला, “परत वाच.” कृष्णनाथाने शिव्या घालत परत वाचला.

“सगळी पात्रां म्हणता?”

“होय.”

“संवाद आणि सूचना? दोनय?”

“बहिरो आसस काय? दोनय.”

मग निहार हसला. नऊ महिन्यांत तो पहिल्यांदा हसत होता.

“आजा, हंय माका दीड वर्स एकच गजाल शिकयली.”

“तुझां रडगाणां नको माका.”

“रडगाणां नाय. आयक.”

कृष्णनाथ ऐकत राहिला. वाती वळता वळता सुविधा बापाच्या तोंडाकडे बघत होती. तिला त्यावरून काही कळेना. शेवटी तो एवढंच म्हणाला, “मोठ्या अक्षरांत लिव. आणि ह्या केलंस म्हणान तुका माफ केलंय असां समजा नको.”

अकरा पानं आली. सुविधाने पेडण्यातून छापून आणली आणि समितीकडे दिली. गौरेशने लाल पेन घेऊन तीन दिवस काढले. डोंगर, भरड, दिल्ली खोडली. टेप तर कुठेच नव्हता, पण ‘देवा, तू केदो उंच!’ हे वाक्यही खोडलं, कारण उंची मोजावी लागते. सातवं पान पुरतं लाल झालं. पुढे कुणी म्हणू नये की हे समितीने खोडलं नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी समासात लिहिलं, ‘खोडले. सही, सचिव’, आणि देवस्थानचा शिक्का मारला. आठव्या पानावर विष्णू प्रसन्न मुद्रेने हसतात अशी सूचना होती, ती त्याला आवडली. शेवटी लिहिलं, ‘मंजूर’.

कागद परत देताना तो म्हणाला, “काका, एक शब्द भायर गेलो काय बुरखो थंयच काढून घेतलंय. सगळ्या गावासमोर.”

*

काल्याला मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. शंकासुर आता काय बोलतो, त्यापेक्षा त्याचा बुरखा कसा काढतात ते बघायला लोक आले होते. निलेश पुढच्याच रांगेत बसला होता.

मृदंग वाजला. पडद्याआडून शंकासुर आला तो गिरकी न घेता, सरळ चालत. काळ्या बुरख्यावरून चष्मा, दोरीने मागे बांधलेला. हातात कागद. मध्यभागी येऊन तो थांबला, बोट ओळीखाली धरलं आणि वाचू लागला.

“पान... क्रमांक... एक. शंकासुर आत येतो.”

मग तो परत पडद्याआड गेला, आणि आत आला.

कुणीतरी फिसकन हसलं.

“मृदंगाच्या... तालावर... दोन गिरक्या घेतो.” शंकासुराने रघुनाथकडे पाहिलं. रघुनाथने ताल दिला. मोजून दोन गिरक्या झाल्या. “ब्रह्मदेवा, तुझे वेद... मी चोरले. आता माका... खोडले. सही, सचिव. शिक्का.”

शंकासुराने बोट खाली सरकवलं.

“ह्या गावातलो... खोडले. सही, सचिव. शिक्का. मी चढलंय वर तर... खोडले. सही, सचिव. शिक्का.”

तिसऱ्या शिक्क्याला रघुनाथने मृदंगावर थाप दिली. मग हशा फुटला. चौथ्या पानापर्यंत मागची पोरं ‘सही, सचिव’ म्हटल्याबरोबर “शिक्का!” म्हणून ओरडू लागली. पाचव्या पानावर बायकाही. शंकासुराचा आवाज मात्र तसाच, एकेक अक्षर चघळणारा, ना चढत ना उतरत.

“पान क्रमांक सात. खोडले. सही, सचिव. शिक्का. खोडले. सही, सचिव...”

“थंय डोंगर होतो गो!” बायकांतून कुणीतरी म्हणालं.

“खोडले. सही, सचिव...”

“ही भरड!”

सातव्या पानावर एकोणीस शिक्के होते. त्याने एकही सोडला नाही. कुठे काय होतं ते गाव सांगत होतं. शंकासुराला काहीच बोलावं लागत नव्हतं.

गौरेश मुकुट घालून उंच पाटावर बसला होता. रंगवलेल्या गालांवरून घाम उतरत होता.

“पान क्रमांक आठ. विष्णू प्रसन्न मुद्रेने हसतात.”

शंकासुर वाचून थांबला. चष्म्यातून विष्णूकडे बघत राहिला. विष्णू हसला नाही. शंकासुराने परत बोट धरलं.

“विष्णू... प्रसन्न मुद्रेने... हसतात.”

“हास रे देवा!” मागून आवाज आला. “मंजूर आसा तां!”

“प्रसन्न हास!”

शंकासुराने तिसऱ्यांदा बोट ओळीवर आणलं, तेव्हा गौरेश पाटावरून उठला. “बस कर! मस्ती इली तुका, म्हाताऱ्या? उतर खाली!”

मंडप थिजला.

शंकासुराने आठवं पान खालपर्यंत बोटाने तपासलं. नववं उलटलं, तेही तपासलं. मग परत मागे सातव्यावर आला. कागद समईजवळ नेऊन उजेडात धरला. शेवटी लोकांकडे वळून त्याने डावीकडे-उजवीकडे मान हलवली. तोंडातून शब्द काढला नाही.

“कागदार नाय!” रघुनाथच ओरडला. मग सगळा मंडप. “कागदार नाय! कागदार नाय!”

ठराव कुणाच्या हातचा होता हे सगळ्यांना माहीत होतं. गौरेशलाही तेव्हाच कळलं. तो खाली उतरला आणि पत्र्याचं चक्र त्याने शंकासुराच्या कपाळावर हाणलं. दर वर्षी ते नुसतं हवेत फिरवायचं असतं. या वर्षी ते लागल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. चष्म्याची काच तडकली. शंकासुर कोसळला. बुरखा काळा, त्यामुळे रक्त कुणाला दिसलं नाही.

पडल्या पडल्या त्याने पानं चाचपली. शेवटचं पान तोंडाजवळ आणलं. फुटक्या काचेतून त्याला अक्षरं दिसत नव्हती, पण बोट त्याने ओळीखाली धरलं.

“पान क्रमांक... अकरा. शंकासुर... मरतो. मंजूर.”

*

पडद्यामागे गौरेश आला तेव्हा रघुनाथ ओल्या फडक्याने कृष्णनाथाचं कपाळ दाबून धरत होता.

“बुरखो दी,” गौरेश म्हणाला.

“एक शब्द भायलो बोललंय तर सांग.”

गौरेशने पानं उचलून चाळली.

“तू बोललंस, बाबा,” रघुनाथ मान वर न करता म्हणाला. “चांगले सात-आठ.”

बाहेर लोक अजून ओरडत होते. पुढच्या वर्षी विष्णू कोण, हे तिथे कुणी काढलं नाही. गौरेशने मुकुट उतरवून रघुनाथच्या हातात दिला आणि मागच्या वाटेने घरी गेला. त्यानंतर तो कृष्णनाथाशी बोलला नाही, निलेशही नाही. कृष्णनाथाने बुरख्याची घडी केली. रक्ताची बाजू आत गेली. घडी त्याने पेटाऱ्यात ठेवली आणि कुलूप लावलं.

पेडण्याच्या दवाखान्यात चार टाके पडले. मलमपट्टीच्या खोलीतून बाहेर आला तेव्हा उजाडलं होतं. सुविधा बाकावर बसली होती आणि तिच्या हातातला फोन वाजत होता.

“निहार,” ती म्हणाली. “तिसऱ्यांदा करता.”

कृष्णनाथाने फोन कानाला लावला.

“आजा, काय झालां? बुरखो रवलो?”

“रवलो.”

“आणि लोक? गौरेशमामा? सांग मरे.”

“उजाडलां हंय,” कृष्णनाथ म्हणाला. “काल्यातलां काल्यात. तितक्या तरी शीक.”

पलीकडून निहारचा हळू आवाज आला. “हंय अजून रात आसा, आजा.”

कृष्णनाथाने जनेलातून बाहेर पाहिलं. पादेर सायकलचा भोंपू वाजवत पाव वाटत चालला होता.

“फोन कानाक धर. दुसरां कसलां बटण दाबलंस तर हात मोडून ठेयन.”

“नाय दाबूक.”

“आवशीची सपत घाल.”

“घातली.”

“मोठ्यान घाल. ती हंयच बसली हा.”

निहारने मोठ्याने शपथ घातली. सुविधाने ती ऐकली आणि मान हलवली. कृष्णनाथाने बाकावर पाय वर घेतले, फुटका चष्मा काढून खिशात ठेवला.

“पान क्रमांक एक,” तो म्हणाला.